ट्रॉलीला ब्रेक कुणी लावायचा?

दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागातल्या रस्त्यांचा चेहरामोहराच बदलून जातो. साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून धूर निघू लागतो, फडाफडांतून कोयते चालू लागतात, आणि रस्त्यावर बघावे तिकडे उसाच्या गाड्या दिसू लागतात. बैलगाड्या असतात, ट्रक असतात, पण खरे राज्य असते ते ट्रॅक्टरचे. पुढे एक ट्रॅक्टर, त्याला जोडलेली एक ट्रॉली, तिला जोडलेली दुसरी ट्रॉली, आणि दोन्हींवर मोळ्यांचे दोन मजले. टेपवर मोठ्या आवाजात गाणे चाललेले. मागून येणारा मोटारवाला किंवा एस.टी.चा चालक दोन-दोन किलोमीटर मुकाट्याने मागे राहतो, आणि संधी मिळताच शेजारून निसटतो. निसटताना गाडीतली मुले उसाचे एखादे कांडे ओढता येते का ते पाहतात, आणि आई त्यांचे हात आत घेते. महाराष्ट्रातल्या अर्ध्याअधिक कुटुंबांना हा प्रसंग सांगावा लागणार नाही.

या प्रवासात आपल्याला भीती वाटते ती मागची. अंधारात दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर येईल, आपण तिच्यावर आदळू, ही ती भीती. ती खोटी नाही. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर पोलीस आणि परिवहन खात्याचे लोक कारखान्यांवर जाऊन ट्रॉल्यांना तांबडे रिफ्लेक्टर लावतात, त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात, आणि ते काम चांगलेच आहे. परंतु रिफ्लेक्टर कामाला येतो तो ट्रॉलीच्या मागून येणाऱ्याच्या. ट्रॅक्टरच्या पुढे जो असतो, म्हणजे सायकलवरचा शाळकरी मुलगा, आठवडे बाजारातून परतणारी बाई, चौकात वळण घेणारा मोटारसायकलस्वार, त्याला त्या रिफ्लेक्टरचा काय उपयोग? त्याच्या दृष्टीने एकच प्रश्न महत्त्वाचा. हे धूड थांबणार कसे? हा प्रश्न मी गेली काही वर्षे ज्याला त्याला विचारत आलो आहे, आणि ज्याला विचारावे तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून आज त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टरांचा नंबर लागायला कधी कधी अख्खी रात्र जाते. अशाच एका रांगेतल्या, पंचविशीच्या आतल्या, एका चालकाशी चहाच्या टपरीवर गप्पा मारताना मी विचारले, ‘‘काय रे, तुझ्या ट्रॉलीला ब्रेक कुठे आहे?’’ तो हसला. म्हणाला, ‘‘ट्रॉलीला कुठं ब्रेक असतोय सर? ब्रेक ट्रॅक्टरला.’’ ‘‘आणि उतार लागला की?’’ ‘‘पहिल्या गिअरात टाकायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. मागची ट्रॉली रेटती की लई.’’ ‘‘आणि चढावर बंद पडला तर?’’ ‘‘किन्नर उडी टाकून चाकाला दगुड लावतोय. म्हणून तर किन्नर लागतोय.’’ त्याच्या शेजारी बसलेला तो किन्नर, म्हणजे मदतनीस पोरगा, फार तर सतरा-अठरा वर्षांचा असेल. त्यानेही अभिमानाने मान हलवली. दगड ट्रॉलीच्या दांड्यावरच बांधून ठेवलेला होता.

आता या उत्तराचा हिशेब मांडून पाहू. आकडे साधे आहेत आणि दहावीच्या विज्ञानापलीकडे त्यांत काही नाही. पन्नास अश्वशक्तीच्या जवळपासचा ट्रॅक्टर साधारण सव्वादोन टनांचा असतो. दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून ४ टन धरा, त्यांवरचा ऊस २० टन धरा. एकूण झाले सव्वीस टनांच्या वर. या सगळ्याला थांबवणारे ब्रेक किती? आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर असतात. त्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे दीड टन भार असतो. चाक रस्त्याला जितके दाबले जाईल तितकीच त्याची पकड. त्यापलीकडे कितीही जोराने ब्रेक दाबला तरी चाक नुसते घसरत जाणार. ट्रॉली दोन चाकांची असेल तर तिचा थोडा भार तरी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो. पण उसाच्या चार चाकी ट्रॉलीचे वजन तिच्या स्वतःच्याच चाकांवर असते. ती ट्रॅक्टरला ढकलते, पण त्याची पकड वाढवत मात्र नाही.

कोरड्या डांबरी रस्त्याची चांगली पकड धरली, तर एकटा ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटर वेगावरून ब्रेक लागल्यापासून ६ मीटरांत थांबेल. हीच दोन ट्रॉल्यांची वरात सपाट रस्त्यावर सुमारे ५० मीटर घेईल. ३० मीटरला १ मीटर असा उतार असला, तर दीडशे मीटरांच्या पुढे जाईल. आणि उतार २० मीटरला १ मीटर असेल, तर कागदावरचा हिशेब सांगतो की ती थांबणारच नाही. ब्रेक उत्तम असले, चालक कसलेला असला, तरीही नाही. हा काही खंडाळ्याच्या घाटाचा उतार नव्हे. आपल्या रस्तेबांधणीच्या मानकांत सपाट मुलखातसुद्धा ३० ला १ हा नेहमीचा आणि २० ला १ हा मर्यादेतला चढउतार धरतात. ओढ्यावरच्या पुलाकडे उतरणारा रस्ता, रेल्वेच्या पुलावरून खाली येणारा रस्ता, गावाच्या वेशीतला उतार, हे सगळे त्यात आले. मग रोज इतक्या गाड्या सुखरूप पोहोचतात त्या कशा? पहिल्या गिअरात, मुंगीच्या पावलांनी, आणि समोर कोणी न आल्यामुळे.

इंजिनाचा रोध उतारावर मदतीला येतो हे खरे. पण तो रोधही मागच्या त्याच दोन चाकांतून रस्त्यापर्यंत पोहोचतो, त्यामुळे पकडीची मर्यादा तीच राहते. आणि डिझेल वाचवण्यासाठी कोणी उतारावर गिअर काढून गाडी सोडून दिली, तर तेवढाही आधार उरत नाही. एकदा अशा गाडीने वेग घेतला की पुन्हा गिअर पडत नाही, हे कोणताही जुना चालक सांगेल.

ट्रॅक्टरच्या ब्रेकची आणखी एक गंमत आहे, जी शेतकरी नसलेल्यांना सहसा माहीत नसते. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, एक डाव्या चाकाचे आणि एक उजव्या. शेतात तासाच्या शेवटी जागच्या जागी वळायचे असते तेव्हा एकाच बाजूचा ब्रेक दाबतात. रस्त्यावर आल्यावर ही दोन्ही पेडल एका खिट्टीने जोडून एक करायची असतात. ती खिट्टी लावायची राहिली आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, की ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो, मागच्या ट्रॉल्या सरळच येत राहतात, आणि ट्रॅक्टर मधल्या मधे दुमडला जातो. पुढचे वर्णन करण्याची गरज नाही. म्हणजे मुळात हे यंत्र शेतात फिरण्यासाठी घडवलेले. आपण त्याच्यामागे वीस टन बांधून त्याला राज्यमार्गावर आणले, आणि त्याला थांबवण्याची सोय मात्र शेतातलीच ठेवली.

बैलगाडीचे तसे नव्हते. उतार लागला की बैल गाडी अंगावर घेतात. मान ताठ करून, खूर रोवून, जू मागे रेटतात. गाडीवान खाली उतरून चाकाला घासणारे लाकूड दोराने आवळतो. ओझे ओढणारे जनावरच ते रोखायलाही समर्थ असते, कारण गाडीत किती भरायचे ते त्याच्या ताकदीवरून ठरते. जनावराचे हाल झाले, आजही होतात, हे मी विसरलेलो नाही. पण ओढण्याची ताकद आणि थांबवण्याची ताकद यांचा मेळ तिथे आपोआप बसत असे. इंजिनाने तो मेळ मोडला. पन्नास घोड्यांचे इंजिन खालच्या गिअरात वीस टन सहज ओढते, आणि ओढले जाते म्हणून थांबवताही येईल असे आपण गृहीत धरून चालतो.

हा मेळ मोडल्याची किंमत जगाने एकदा फार जबर मोजलेली आहे, आणि तीही अशाच चाकाखालच्या दगडांपाशी. १२ जून १८८९ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा या गावाहून एक सहलीची आगगाडी निघाली. रविवारच्या धर्मशाळेची मुले, त्यांचे पालक, समुद्रकिनारी जायचा आनंदाचा दिवस. गाव सोडल्यावर मोठा चढ लागतो. डबे जास्त झाले होते, इंजिन चढावर थांबले. तेव्हा असे ठरले की गाडी मधे तोडावी, पुढचे डबे आधी वर न्यावेत आणि मागचे नंतर. त्या गाडीच्या ब्रेकची रचना अशी होती की इंजिनाशी जोडणी आहे तोवर ब्रेक चालणार. जोडणी सुटली की मागच्या दहा डब्यांना शेवटच्या डब्यातल्या हातब्रेकशिवाय काहीही आधार नाही. म्हणून चाकांमागे दगड लावले. पुढचा भाग निघताना किंचित मागे आला, मागच्या डब्यांना धक्का बसला, दगड फुटले, आणि माणसांनी भरलेले दहा डबे उतारावरून मागे पळत सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. ८० माणसे गेली, त्यांत मुले पुष्कळ.

या अपघातात नवीन असे काहीच नव्हते. जोडणी तुटताच डब्यांना आपोआप लागणारे ब्रेक तेव्हा उपलब्ध होते. जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेच्या ब्रेकचे पहिले पेटंट १८६९ सालीच घेतले होते आणि पुढे काही वर्षांत त्यात ही सुधारणाही केली होती. सरकारी निरीक्षक अनेक वर्षे असे ब्रेक बसवा म्हणून सांगत होते, आणि रेल्वे कंपन्या खर्चाचे कारण पुढे करत होत्या. आर्माच्या अपघातानंतर तीन महिन्यांच्या आत, ३० ऑगस्ट १८८९ रोजी, ब्रिटिश संसदेचा कायदा झाला. प्रवासी गाडीच्या प्रत्येक डब्याला असा आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. आज आपल्या आगगाडीत साखळी ओढली की गाडी थांबते ती याच तत्त्वावर. साखळीने ब्रेकच्या नळीतली हवा सुटते, आणि हवा सुटली की ब्रेक लागतो. ब्रेक सोडून ठेवायला हवेचा दाब लागतो, ब्रेक लागायला मात्र दाब जाणे पुरते. शंभरहून अधिक वर्षे हे तत्त्व रुळावर आहे. रस्त्यावरच्या आपल्या ट्रॉलीपर्यंत ते आलेले नाही.

परदेशात रस्त्यावर ते कुठवर आले आहे, याचे एक साधे उदाहरण घ्यायचे तर होडी वाहणाऱ्या गाड्यांचे घेता येईल. ब्रिटनमध्ये हौशी लोक सुटीच्या दिवशी मोटारीमागे चाकांच्या सांगाड्यावर छोटी होडी बांधून समुद्रावर किंवा तळ्यावर जातात. ही काही व्यवसायाची वाहतूक नव्हे, निव्वळ मौज. तरी कायदा असा की तो सांगाडा होडीसकट ७५० किलोंपेक्षा जड असेल तर त्याला स्वतःचा ब्रेक हवाच. त्याहून हलका असला तर ब्रेक नसला तरी चालेल. मात्र तो ओढणाऱ्या मोटारीच्या निम्म्या वजनापेक्षा जड असता कामा नये. आणि गरज नसताना ब्रेक बसवलेला असेल, तर तो चालू स्थितीत असला पाहिजे. हे वाचून मला मोठी गंमत वाटली. पाऊण टनाच्या होडीपाशी त्यांचा कायदा जागा होतो. आपली भरलेली एकेक ट्रॉली त्याच्या सोळापट जड.

त्या होडीच्या गाडीचा ब्रेक चालतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. जोडणीचा दांडा एका नळीत मागेपुढे सरकणारा असतो. मोटार मंदावली की मागची गाडी पुढे रेटते, दांडा आत दाबला जातो, आणि त्या दाबानेच तिच्या चाकांचे ब्रेक आवळले जातात. जितके जास्त रेटेल तितकी जास्त आवळली जाईल. शिवाय एक बारीक तार मोटारीला अडकवलेली असते. जोडणीच निखळली तर ती तार मागच्या गाडीचा हातब्रेक ओढून मगच तुटते. होडी पाण्यात सोडताना सांगाडा थेट पाण्यात उतरवावा लागतो, खाऱ्या पाण्याने ब्रेक गंजतात, म्हणून मालक घरी आल्यावर चाके गोड्या पाण्याने धुतात. ब्रेक बसवला की काम संपले असे होत नाही. त्याची निगा हा रोजचा व्याप असतो, आणि कायद्याचे लक्ष त्यावरही असते.

हाच ब्रेक जसाच्या तसा उसाच्या ट्रॉलीला लावा, असे मी सुचवत नाही. रेट्यावर चालणारा ब्रेक युरोपात साडेतीन टनांपर्यंतच्या अशा गाड्यांना चालतो. दहा-बारा टनांच्या ट्रॉलीला ट्रॅक्टरमधून तेलाच्या किंवा हवेच्या दाबाने चालणारा ब्रेक हवा, आणि दोन ट्रॉल्या असतील तर तो दोन्हींना एकदम लागायला हवा. ही काही आपल्याला न झेपणारी विद्या नाही. माती आणि खडी वाहणाऱ्या ट्रॉल्या पालथ्या करण्यासाठी ट्रॅक्टरमधून तेलाची नळी मागे जातेच ना? ती नळी आपण ट्रॉली उपडी करण्यासाठी नेली, तिला थांबवण्यासाठी न्यावी हे मात्र सुचले नाही. ट्रॉल्या बनवणाऱ्या एका कारागिराला मी हे विचारले. तो म्हणाला, ‘‘करून देतो की सर, त्यात काय. पण मागतंय कोण?’’

आता आपला कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालचे केंद्रीय नियम हे दोन्ही १ जुलै १९८९ रोजी अमलात आले. आर्माच्या अपघाताला तेव्हा शंभर वर्षे आणि अठरा-एकोणीस दिवस झाले होते. हा योगायोग कोणाच्या ध्यानात आला असेल असे वाटत नाही. नियमांतला ९६ क्रमांकाचा नियम ब्रेकविषयी आहे, आणि ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकची वेगळी नोंदही त्यात आहे. तपशिलाच्या नियमांवर आणि सवलतींवर वकिलांना वाद घालता येईल. मला त्यांहून मूळ कायद्यातली दोन-तीन कलमे महत्त्वाची वाटतात. मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. ट्रॉली ही कायद्याच्या नजरेत ट्रॅक्टरचे शेपूट नसून स्वतंत्र वाहन आहे, आणि तिची नोंदणीही करावी लागते. कलम १०९ सांगते की प्रत्येक मोटार वाहनाची बांधणी आणि देखभाल अशी असली पाहिजे, की ते सदैव चालकाच्या परिणामकारक ताब्यात राहील. सदैव, म्हणजे उतारावरही आणि भरलेले असतानाही. टपरीवरचा तो मुलगा ज्याला देवाचे नाव घेणे म्हणत होता, ती अवस्था या कलमात बसत नाही.

आणि कायदा चालकापाशी थांबत नाही. कलम १९० असे आहे की वाहनात धोका उत्पन्न करणारा दोष आहे, आणि तो माहीत आहे किंवा साधारण काळजी घेतली असती तर कळला असता, तरीही जो ते वाहन सार्वजनिक जागी चालवील, चालवायला लावील किंवा चालवू देईल, तो दोषी. जादा भाराविषयीच्या कलम १९४ मध्येही ‘चालवायला लावणारा’ आणि ‘चालवू देणारा’ आहेतच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथला दंड वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा आहे. रस्त्यावर पोलिसाने अडवले की पावती फाटते ती चालकाच्या किंवा ट्रॅक्टरमालकाच्या नावाने. चालवायला लावणारा नेमका कोण, हे विचारायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

तो कोण, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. ट्रॅक्टरमालक हा बहुधा दोन-चार एकरांचा शेतकरी असतो. बँकेचे कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला, मुकादमाला उचल देऊन बसलेला, कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार केलेला. त्याला पैसे मिळतात ते टनावर आणि अंतरावर. खेपेला दोन टन जास्त गेले तर तेवढेच दोन पैसे. खेप चुकली तर हप्ता चुकतो. अशा माणसाला तू उद्यापासून ट्रॉलीला ब्रेक बसव, नाहीतर दंड भर, असे सांगणे फार सोपे आहे. त्याने एकट्याने ब्रेक बसवला तर त्याचा खर्च वाढतो, ट्रॉलीचे रिकामे वजन वाढते, आणि दर मात्र शेजाऱ्याइतकाच मिळतो. कोणताही शहाणा माणूस हे करणार नाही, आणि मी त्याला दोषही देणार नाही. दर ठरवतो कारखाना, करार लिहितो कारखाना, आणि ऊस हवा असतो तोही कारखान्यालाच.

माझे म्हणणे या कारखान्याच्याच एका जागेविषयी आहे. ती जागा म्हणजे वजनकाटा. आपल्या राज्यातल्या रस्त्यांवर धावणाऱ्या वाहनांमध्ये उसाच्या ट्रॉलीइतके काटेकोर वजन दुसऱ्या कोणत्याही वाहनाचे होत नसेल. आत येताना भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, बाहेर पडताना रिकामी चढते, दोन्ही वजनांची नोंद होते, पावती निघते, आणि त्या पावतीवर शेतकऱ्याचे बिल ठरते. काट्यात मारतात, म्हणून शेतकरी संघटनांनी वर्षानुवर्षे लढे दिले. काटा हा आपल्याकडे राजकारणाचा विषय आहे. म्हणजे प्रत्येक ट्रॉली, प्रत्येक खेपेला, दोनदा उभी केली जाते, तिच्यावर किती भार आहे हे लेखी नोंदवले जाते, आणि जो नोंदवतो तोच तिला पुन्हा फडावर पाठवतो. कलम १९० मधली ‘साधारण काळजी’ घेण्यासाठी याहून सोयीची जागा कोणत्या देशात असेल? २०२१-२२ च्या हंगामात राज्यात १३ कोटी टनांहून जास्त ऊस गाळला गेला. सगळाच्या सगळा वीस टनांच्या खेपांनी आला असे मानले, तरी त्या ६५ लाख खेपा होतात. काट्यावरच्या माणसाला त्या हंगामात किमान इतक्या वेळा ट्रॉलीच्या चाकाकडे बघण्याची संधी होती.

गाळपाचा परवाना दरवर्षी पुण्याच्या साखर आयुक्तालयातून मिळतो, आणि त्याला अटी असतात. त्यांतच एक अट वाढवता येईल. अमुक हंगामापासून नव्या करारातली ट्रॉली ब्रेकची असावी, आणि जुन्या ट्रॉल्यांना तीन-चार हंगामांची मुदत द्यावी. ब्रेक बसवण्याचा खर्च कारखान्याने आगाऊ द्यावा आणि वाहतुकीच्या बिलातून हप्त्याने वळता करून घ्यावा. मुकादमाची उचल अशीच वळती होते, त्यामुळे ही पद्धत कोणाला शिकवावी लागणार नाही. ब्रेकच्या ट्रॉलीला टनामागे थोडा जास्त दर द्यावा. ब्रेक नसलेल्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडणे आधी बंद करावे, कारण मागची ट्रॉली हीच सर्वांत जास्त रेटते. यातले काहीच असे नाही की ज्यासाठी दिल्लीहून नवा कायदा यावा लागेल.

खर्च ऐकून कारखान्याचे संचालक कपाळाला हात लावतील, हे मला दिसते. साखरेचा दर, एफआरपी, बँकेचे व्याज, सगळे सांगितले जाईल, आणि त्यातले बरेचसे खरेही असेल. आयर्लंडच्या रेल्वे कंपन्यांचेही बरेचसे खरेच होते. शेवटी तो खर्च त्यांनी केलाच, फक्त ८० माणसे गेल्यावर केला. आपल्याकडे एका वेळी ८० जात नाहीत. इथे कुठल्या तरी पुलाच्या उतारावर एक जातो, कुठल्या तरी वेशीत दोन जातात, आतल्या पानावर चार ओळी येतात, आणि ‘चालकाचा ताबा सुटला’ असे त्यात लिहिलेले असते. मी स्वतः अशा बातम्या वाचताना हल्ली त्या शब्दांपाशी अडखळतो. ताबा सुटला म्हणायचे तर आधी तो हातात असावा लागतो ना?

वाचकांपैकी पुष्कळ जण सहकारी कारखान्यांचे सभासद असतील, किंवा त्यांचे वडील, मामा, सासरे असतील. कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा साधारण सप्टेंबरपर्यंत होते, म्हणजे हंगामाच्या तोंडावर. अहवाल वाटला जातो, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून कायम होते, ताळेबंद मंजूर होतो, उसाच्या दरावरून थोडी खडाजंगी होते, दिवाळीची सवलतीची साखर किती किलो हा विषय निघतो आणि तोवर जेवणाची वेळ झालेली असते. पण विषयपत्रिकेवर शेवटचा एक विषय नेहमी असतो: अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. त्या वेळी मंडपात निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात, हे मी पाहिले आहे. तरी तिथे उभे राहून कोणीही सभासद विचारू शकतो, की गेल्या हंगामात आपल्या काट्यावरून गेलेल्या ट्रॉल्यांपैकी किती ट्रॉल्यांना ब्रेक होता. कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याला त्याचे उत्तर द्यावे लागेल, आणि दिलेले उत्तर इतिवृत्तात लिहावे लागेल.